बारा तारे आणि लासार्तेचा आचारी

नोव्हेंबर २०१९मध्ये सेव्हियाच्या समारंभात मिशेलिन मार्गदर्शिकेची स्पेन-पोर्तुगालसाठीची नवी आवृत्ती जाहीर झाली आणि मार्तीन बेरासातेगी या बास्क शेफच्या नावावर बारा तारे जमा झाले. स्पेनमध्ये एवढे तारे दुसऱ्या कुणाच्याच नावावर नव्हते. हिशेब असा: लासार्ते-ओरिया या गावातल्या त्यांच्या मूळ रेस्टॉरंटचे तीन, बार्सिलोनाच्या ‘लासार्ते’चे तीन, तेनेरीफे बेटावरच्या ‘एम. बी.’चे दोन. शिवाय बार्सिलोनाचंच ‘ओरिया’, बिल्बाओचं ‘ओला’, सान सेबास्तियानचं ‘एमे बे गारोते’ आणि लिस्बनचं ‘फिफ्टी सेकंड्स’ यांचा प्रत्येकी एक.

या बेरजेत एक गोम आहे. मिशेलिन तारा देतं तो रेस्टॉरंटला, माणसाला नव्हे. शेफ नोकरी सोडून गेला तर तारा त्याच्या सुऱ्यांबरोबर पिशवीत जात नाही. आणि एकाच संध्याकाळी लासार्ते, लिस्बन आणि अटलांटिकमधलं एक बेट अशा तीन ठिकाणच्या शेगड्यांपाशी एक माणूस उभा राहू शकत नाही, हे सांगायला शेफ असण्याची गरज नाही. मग हे बारा तारे नेमके कशाचे? एका माणसाच्या हाताच्या चवीचे, एका प्रदेशाचे, की एका चोख चालवलेल्या धंद्याचे? बेरासातेगी यांच्या पन्नासेक वर्षांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना हा प्रश्न चुकवता येत नाही.

आधी प्रदेश. सान सेबास्तियान, बास्क भाषेत दोनोस्तिया, हे जेमतेम दोन लाख वस्तीचं किनारी शहर. फ्रान्सची हद्द इथून वीसेक किलोमीटरवर. ‘आर्साक’ आणि ‘आकेलारे’ ही दोन तीन-तारांकित रेस्टॉरंटं शहराच्या हद्दीत, आणि बेरासातेगींचं तिसरं सात-आठ किलोमीटरवर. कित्येक देशांच्या राजधान्यांना असं एकही रेस्टॉरंट लाभलेलं नाही. एवढ्याशा जागेत हे कसं घडलं, याचं उत्तर पर्यटनाच्या पत्रकांत ‘बास्क माणसाला खाण्याची आवड’ असं दिलेलं असतं. आवड सगळ्यांनाच असते. इथे काही ठोस कारणं एकावर एक साचत गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राणी मारिया क्रिस्तीना उन्हाळा काढायला सान सेबास्तियानला येऊ लागली, १८९३मध्ये तिच्यासाठी मिरामार राजवाडा उभा राहिला. राणीमागोमाग दरबार आला, दरबारामागोमाग पैसेवाले, आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक. गावाला स्वतःची चव होतीच: बिस्केच्या उपसागरातला हेक मासा आणि अँकोवी, दूरच्या समुद्रातून खारवून आणलेला कॉड, डोंगरउतारावरच्या वाड्यांतली भाजी, मेंढीच्या दुधाचं इदियासाबाल चीज, सफरचंदाची आंबट दारू. जोडीला पुरुषांच्या भोजनमंडळांची रीत. ‘उनियोन आर्तेसाना’ हे मंडळ १८७०चं. मंडळाची जागा आणि स्वयंपाकघर सामाईक; सदस्यांनी स्वतः रांधायचं, मित्रांना वाढायचं आणि वापरलेल्या तेला-दारूचा हिशेब स्वतःच लिहून पैसे ठेवायचे. वकील, सुतार, बँकेतला कारकून एकाच ओट्यावर. बायकांना बराच काळ या ओट्यांपाशी मज्जाव होता.

पण गावात पोटापाण्यासाठी खरा स्वयंपाक करत होत्या त्या बायकाच. बिल्बाओत आस्काराय भगिनींनी ‘एल आंपारो’ नावारूपाला आणलं, त्यांच्या पाककृतींचं पुस्तक १९३०मध्ये छापलं गेलं. सान सेबास्तियानात निकोलासा प्रादेरा यांनी १९१२मध्ये स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. १८९७ साली सुरू झालेला आर्साक कुटुंबाचा गुत्ता १९५१मध्ये घरधनी गेल्यावर त्यांच्या पत्नीने नेटाने चालवला आणि मुलाच्या हाती दिला. तो मुलगा म्हणजे हुआन मारी आर्साक. बास्क पाककलेची वंशावळ मांडली की तळाशी एखादी आई, आजी किंवा मावशी सापडते. तारे मात्र मुलांच्या पिढीत आले.

बेरासातेगींचं घरही याच साच्यातलं. जन्म २७ एप्रिल १९६०. सान सेबास्तियानच्या जुन्या वस्तीत, फेर्मीन काल्बेतोन गल्लीत, ‘बोदेगोन आलेहांद्रो’ नावाची घरची खानावळ होती. रस्त्यावरून काही पायऱ्या उतरून खाली जायचं. बाजार आणि बंदर चार पावलांवर असल्याने गिऱ्हाईक सगळं कष्टकरी आणि नेहमीचं. आई गॅब्रिएला आणि मावशी मारिया स्वयंपाक सांभाळायच्या. पोरगा पंधराव्या वर्षी तिथे कामाला लागला आणि भांडी-भाजीपासून शिकत गेला. ‘आईच्या आणि मावशीच्या हाताखाली शिकलो’ हे ते आजही मुलाखतींतून सांगतात. यशस्वी पुरुषाने असं म्हणणं शिष्टाचाराचा भाग झालाय, पण इथे ते शब्दशः खरं आहे.

त्या खानावळीतलं मूळ शिक्षण कसलं होतं, हे बाकालाओ पिल-पिल या पदार्थावरून कळतं. सामग्री चार वस्तूंची: भिजवून खारटपणा काढलेला कॉड, ऑलिव्ह तेल, लसूण, सुकी मिरची. मातीच्या उथळ भांड्यात लसूण-मिरची तेलात तळून बाजूला काढतात. तेल कोमट झालं की माशाचे तुकडे त्यात ठेवायचे आणि मंद आचेवर भांडं दोन्ही हातांनी गोल गोल हलवत राहायचं. चमचा लावायचा नाही. माशाच्या कातडीतलं जिलेटिन हळूहळू तेलात उतरतं, तेल आधी गढूळ, मग दाट होतं आणि अखेर पिवळसर पांढरी साय धरावी तसा रस तयार होतो. पीठ नाही, अंडं नाही, लोणी नाही. आच जरा वाढली की रस फुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. विज्ञानाच्या भाषेत याला इमल्शन म्हणतील. जुन्या वस्तीतल्या बायकांना ते मनगटाला ठाऊक होतं.

घरच्या शिक्षणावर बेरासातेगी थांबले नाहीत. खानावळ आठवड्यातून एक दिवस बंद असे आणि त्या दिवशी ते हद्द ओलांडून फ्रान्समध्ये जात. आंग्ले गावच्या आंद्रे मांदियों यांच्याकडे मिठाई आणि बेकरीचं काम, दिदिए उदिय यांच्याकडे पुढचा स्वयंपाक, मग आलें द्युकास. पगारासाठी नव्हे, हात तयार करण्यासाठी. मैदा, लोणी, साखर यांचं तोलून-मापून चालणारं फ्रेंच शास्त्र आणि घरची अंदाजाने चालणारी रीत एका माणसात एकत्र आली. त्यांच्या पुढच्या पदार्थांतली रेखीव कापणी आणि थरांची आवड थेट या मिठाईच्या शिकवणीतून आलेली दिसते.

ते शिकत होते तेव्हा गावात मोठी उलथापालथ चालली होती. नोव्हेंबर १९७५मध्ये हुकूमशहा फ्रँकोचा मृत्यू झाला. बास्क भाषेवरची, झेंड्यावरची, नावांवरचीही दडपशाही सैल होऊ लागली. पुढच्याच वर्षी माद्रिदमध्ये एका खाद्यमासिकाने भरवलेल्या परिसंवादाला फ्रेंच शेफ पॉल बोक्यूज आले. श्रोत्यांत आर्साक आणि ‘आकेलारे’चे पेद्रो सुबिहाना होते. दोघांनी पाठपुरावा करून ल्योंला बोक्यूजच्या मुदपाकखान्यात काही दिवस काढले आणि परतल्यावर डझनभर शेफांना एकत्र केलं. गुरुस्थानी लुईस इरिसार, ज्यांनी १९६७मध्ये साराउत्झला पाककलेची शाळा काढली होती. बरोबर कार्लोस आर्गिन्यानो, रामोन रोतेता वगैरे. हीच ‘नवी बास्क पाककला’. एकेकाच्या रेस्टॉरंटात पाळीपाळीने जेवणं घालायची, विसरलेले पदार्थ शोधून काढायचे, फाटे फुटलेले पदार्थ मूळ वळणावर आणायचे, जड रस हलके करायचे आणि नवं काही सुचलं तर ते सगळ्यांसमोर मांडायचं. पाककृती लपवून ठेवायच्या नाहीत हा अलिखित करार.

हा करार मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच काळात ईटीए या सशस्त्र बास्क फुटीर संघटनेच्या बंदुकांनी आणि धमक्यांनी तो समाज उभा चिरला होता, व्यापाऱ्यांकडून खंडणी वसूल होत होती, आणि त्यातच दहा-बारा स्पर्धक धंद्याची गुपितं एकमेकांपुढे उघडी करत होते. फळं यायला वेळ लागला. स्पेनमधले पहिले तीन तारे १९८७मध्ये मिळाले ते माद्रिदच्या ‘सालाकाईन’ला, पण तिथला मुदपाकखाना सांभाळणारे बेनहामीन उर्दियाईन नवारातले होते. (नवारा हा बास्क मुलखाचा शेजारी, गोव्यात ज्यांचं शव जपलं आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर तिथलेच आणि त्यांची मातृभाषाही बास्क.) ‘आर्साक’ला तिसरा तारा १९८९मध्ये आला.

बेरासातेगी या चळवळीचे संस्थापक नव्हते, वारसदार होते, आणि वारसाचं काम सोपंही असतं आणि अवघडही. सोपं अशासाठी की वाट मळलेली होती. अवघड अशासाठी की ‘परंपरा नव्याने’ ही घोषणा एव्हाना आर्साकांची झाली होती. १९८१मध्ये त्यांनी ‘बोदेगोन’ची सूत्रं हाती घेतली आणि १९८६मध्ये या तळघरातल्या खानावळीला पहिला मिशेलिन तारा मिळाला. त्यांचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास.

तिथे राहून आणखी काय होणार? जागा अपुरी, छत बुटकं. १९९३मध्ये पत्नी ओनेका आर्रेगी यांच्यासह त्यांनी शहराबाहेर लासार्ते-ओरियात स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं. लासार्ते तोवर घोड्यांच्या शर्यतींसाठी ओळखलं जाई. मोठ्या काचांबाहेर हिरवे उतार, आत टेबलांमध्ये सढळ अंतर. जुन्या वस्तीतल्या खांद्याला खांदा लावून बसण्याच्या अगदी उलट. १९९६मध्ये दुसरा तारा आणि २००१मध्ये तिसरा. आठ वर्षांत शून्यापासून शिखरावर.

त्यांच्या शैलीचा नमुना म्हणून एकच पदार्थ घ्यायचा तर तो १९९५चा. धुरवलेली वाम, बदकाचं चरबीदार यकृत म्हणजे फ्वा ग्रा, पातीचा कांदा आणि हिरवं सफरचंद यांचे पातळ थर एकावर एक रचून चौकोनी वडी कापायची, वरच्या थरावर साखर भुरभुरून ती जाळून कडक करायची. दोन घासांत संपणारा पदार्थ. दाताखाली आधी जळक्या साखरेचा पापुद्रा फुटतो, मग यकृताचा लोण्यासारखा मऊपणा, त्यातून वामेचा धूर वर येतो, आणि सगळं जड होणार इतक्यात सफरचंदाची आंबट धार ते कापून टाकते. वाम बास्क नद्यांची, सफरचंद बास्क दारूचं, फ्वा ग्रा हद्दीपलीकडचं, आणि थरांची रचना सरळ फ्रेंच मिठाईवाल्याची. आत्मचरित्रच म्हणायला हरकत नाही. त्यांच्या भोजनपत्रिकेवर पदार्थापुढे त्याच्या जन्माचं वर्ष छापण्याची प्रथा आहे. ‘१९९५’ असं लिहिलेली ही वडी तिथे दशकानुदशकं टिकली. २००१चं शिंपले-कोळंबीवर्गातल्या मेव्यासह भाज्यांच्या गाभ्यांचं कोमट सॅलड हा तिचा सोबती.

नव्वदीच्या दशकात कातालोनियात फेरान आद्रिया फेस, गोळ्या, जेली यांनी जेवणाची व्याख्याच बदलत होते. बेरासातेगींनी त्यातलं तंत्र उचललं, तत्त्वज्ञान नाही. त्यांच्या ताटात कोडं घातलेलं नसतं. त्यांच्यावर अशीही टीका होते की हे सगळं फारच सुबक, फारच निर्दोष आहे, धक्का कुठे बसत नाही. टीकेत तथ्य आहे. पण मिशेलिनच्या निरीक्षकाला धक्का हवा असतो की मंगळवारी आणि शनिवारी तोच नेमकेपणा, हे पाहिलं तर बेरासातेगी कोणत्या परीक्षेचा अभ्यास करून बसले होते ते कळतं.

धंद्याचा पसारा मूळ रेस्टॉरंट स्थिरावत असतानाच सुरू झाला होता. १९९७मध्ये बिल्बाओत गुगेनहाइम संग्रहालय उघडलं आणि तिथल्या रेस्टॉरंटची धुरा बेरासातेगींच्या गोटाकडे आली. त्यात वाढलेले होसेआन आलिहा यांना मोटरसायकलच्या अपघातानंतर काही काळ वास आणि चव दोन्ही कळेनाशा झाल्या होत्या. चव परत शिकत ते उभे राहिले आणि २०११मध्ये तिथेच त्यांचं ‘नेरुआ’ सुरू झालं. लासार्तेच्या मुदपाकखान्याचे प्रमुख असलेले आंदोनी लुईस आदुरिस यांनी १९९८मध्ये एर्रेन्तेरियाजवळ ‘मुगारित्झ’ काढलं, तेही बेरासातेगींच्या पाठबळाने. मुगारित्झची पाककला गुरूच्या अगदी विरुद्ध टोकाची: खाणाऱ्याला अस्वस्थ करणारी, कधी कधी मुद्दाम बेचव. ज्याने थरांची निर्दोष वडी घडवली त्याने अशा शिष्याला बळ द्यावं, यात बेरासातेगींचा मोठेपणा दिसतो. २०१०मध्ये आगीने मुगारित्झचा मुदपाकखाना जळाला, तरी ते पुन्हा उभं राहिलं.

२००६मध्ये बार्सिलोनाच्या एका हॉटेलात ‘लासार्ते’ सुरू झालं. पुढे त्याची जबाबदारी पाओलो कासाग्रांदे या इटालियन शेफकडे आली आणि नोव्हेंबर २०१६मध्ये ते बार्सिलोना शहरातलं पहिलं तीन-तारांकित रेस्टॉरंट ठरलं. कातालान राजधानीत हा मान मिळवणारं ठिकाण बास्क नावाचं आणि इटालियन हाताचं, हे तिथल्या कित्येकांच्या पचनी पडायला जड गेलं असणार. तेनेरीफेच्या रिसॉर्टमधलं ‘एम. बी.’ एर्लांत्स गोरोस्तिसा यांनी वाढवलं. लिस्बनचं ‘फिफ्टी सेकंड्स’ वास्को द गामाच्या नावाच्या मनोऱ्यावर, आणि वर पोहोचायला लिफ्टला लागणाऱ्या पन्नास सेकंदांवरून त्याचं बारसं झालेलं. मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक आणि काही काळ शांघायमध्येही त्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या.

या विस्ताराचं सूत्र ठरीव आहे. इमारत, भाडं, गुंतवणूक हॉटेलची. नाव, पाककृती, शिस्त आणि प्रशिक्षित प्रमुख बेरासातेगींचा. हॉटेलला तारा हवा असतो कारण ताऱ्यामुळे खोल्या भरतात. शेफला हॉटेल हवं असतं कारण तीन ताऱ्यांचा मुदपाकखाना स्वतःच्या बळावर क्वचितच पैसे कमावतो. आद्रियांचं जगप्रसिद्ध ‘एल बुयी’सुद्धा रेस्टॉरंट म्हणून तोट्यातच होतं, उत्पन्न यायचं ते पुस्तकं आणि सल्लागारीतून. लासार्तेच्या मूळ ठिकाणी भोजनपत्रिकेचा दर तीनशे युरोंच्या वर गेला तरी ताटामागे राबणारे हात इतके असतात की नफ्याची रेघ बारीकच राहते.

त्या हातांबद्दल बोलायलाच हवं. या दर्जाच्या मुदपाकखान्यांत जगभरातून तरुण उमेदवारीला येतात, आणि २०१७मध्ये स्पेनमध्ये त्यांच्या बिनपगारी कामावरून मोठा वाद पेटला. सोळा-सोळा तास वाटाणे सोलायचे, दाटीवाटीच्या खोल्यांत झोपायचं आणि बदल्यात नावापुढे ओळ लावायची, हे शिक्षण की राबवणूक? नामांकित शेफांचं उत्तर साधारण एकच होतं: आम्हीही असेच शिकलो. बेरासातेगी स्वतः सुट्टीच्या दिवशी हद्द ओलांडून शिकत होतेच. पण आपली खानावळ असताना आठवड्यातून एक दिवस शिकायला जाणं आणि परक्या देशात महिनोन्महिने बिनपगारी राबणं यात फरक आहे, आणि तारांकित जगाने त्याकडे बराच काळ काणाडोळा केला.

गुरूकडून शिकून गुरूचं गणितच नाकारणारेही निघाले. बेरासातेगींकडे घडलेले दानी गार्सिया यांना मार्बेयातल्या त्यांच्या रेस्टॉरंटसाठी नोव्हेंबर २०१८मध्ये तिसरा तारा मिळाला. काही आठवड्यांतच त्यांनी ते बंद करण्याची घोषणा केली आणि वर्षभराने दारं लावून जास्त लोकांना परवडणाऱ्या रेस्टॉरंटांकडे वळले. आणि याच बास्क मुलखातल्या आस्पे खेड्यात बित्तोर आर्गिंसोनिस १९९०पासून ‘एचेबारी’ चालवतात. निखाऱ्यांवर भाजणं हेच तिथलं तंत्र, वर-खाली करता येणाऱ्या जाळ्या त्यांनी स्वतः बनवलेल्या. जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत २०२४मध्ये ते दुसरं होतं. मिशेलिनने त्याला एकच तारा दिलेला. पसारा वाढवायचा नाही, शाखा काढायची नाही, दुसऱ्या शहरात पाटी लावायची नाही. बेरासातेगींच्या बाराच्या शेजारी हा एक ठेवला की तारे मोजण्यातली गंमत आणि मर्यादा दोन्ही दिसतात.

ताऱ्यांच्या जगाला बगल देऊन आपल्यापर्यंत पोहोचलेला बास्क पदार्थ मात्र वेगळाच आहे. मुंबई-पुण्याच्या कॅफेंत काचेच्या कपाटात आज ‘बास्क चीजकेक’ सर्रास दिसतो: वरून काळपट जळलेला, आत थरथरणारा, कडेला बटरपेपरच्या चुण्या. तो आला सान सेबास्तियानच्या जुन्या वस्तीतल्या ‘ला विन्या’ या बारमधून. सांतियागो रिवेरा यांनी १९९०च्या सुमारास तो बसवला. या बारपासून बेरासातेगींची जुनी खानावळ काही मिनिटांच्या चालीवर. रिवेरांनी पाककृती कधी लपवली नाही.

बारा तारे कुणाचे, याचं माझं उत्तर आता देता येईल. मूळ तीन त्यांचे, निर्विवाद. बाकीच्या नऊंतला मोठा वाटा कासाग्रांदे, गोरोस्तिसा आणि त्यांच्यासारख्यांचा, ज्यांची नावं बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात येतात. बेरासातेगींचं कर्तृत्व असं की स्वतः हजर नसतानाही आपला नेमकेपणा दुसऱ्याच्या हातात उतरवण्याची पद्धत त्यांनी बसवली. हे काम आचाऱ्यापेक्षा शिक्षकाचं आहे. आर्साक-सुबिहानांच्या पिढीने पाककृती वाटल्या. यांनी शिस्त वाटली आणि तिचा करारनामाही केला. लिस्बनचं नातं पुढे संपलं. ताऱ्यांची संख्या वर्षागणिक हॉटेलांच्या करारांबरोबर वर-खाली होणार, यात नवल नाही.

२०११पासून सान सेबास्तियानात मोंद्रागोन विद्यापीठाशी जोडलेलं ‘बास्क क्युलिनरी सेंटर’ चालतं. तिथे पाककलेची चार वर्षांची पदवी मिळते. त्याच्या उभारणीत आर्साक, सुबिहाना, बेरासातेगी, आदुरिस ही सगळी मंडळी होती. पंधराव्या वर्षी आईच्या हाताखाली उभं राहून शिकणारी पोरं आता तिथे बारावीनंतर प्रवेश घेऊन येतात, वर्गात मुलीही असतात, आणि अभ्यासक्रमात इमल्शनचं रसायनशास्त्र जितकं आहे तितकाच ताळेबंद.